मनगटावरील घड्याळ आणि आपले हृदय

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात मंगळवारी सायंकाळी ज्येष्ठ मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



आपण मला येथे बोलाविले याबद्दल मी समितीची आभारी आहे. मी वक्ती नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. एकतीस वर्षे इस्पितळाच्या हृदयविभागात रुग्णांच्या छातीवर तारा लावून ई.सी.जी. काढणे, एवढेच माझे काम होते. त्या कागदावरील वेड्यावाकड्या रेषा पाहण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे ‘मनगटावरील घड्याळे आणि हृदयाचे ठोके’ या विषयावर बोला, असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही.

सभागृहात नजर टाकली तर निम्म्याहून अधिक मनगटांवर ती काळ्या काचेची घड्याळे दिसत आहेत. कोणास मुलाने वाढदिवसाला दिले, कोणास नातीने दिले. पूर्वी भेट झाली की आपण विचारत असू, “काय, बरे आहे ना?” आता विचारतो, “काल किती पावले झाली?” यात थट्टेचा भाग थोडा आणि विचार करण्याचा भाग पुष्कळ आहे. हे घड्याळ काय मोजते आणि काय मोजू शकत नाही, हे मी आज सांगणार आहे. त्याचबरोबर माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहे. ती सांगण्याची परवानगी माझ्या थोरल्या बंधूंनी दिली आहे. ते आज पहिल्याच रांगेत बसले आहेत.

नाडी आणि घड्याळ यांचे नाते नवे नाही. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाविषयी ग्रंथ लिहिला. पुढे हॉलंडमध्ये विलेम आइंटहोव्हन यांनी हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाह कागदावर उतरविणारे यंत्र सिद्ध केले. ते यंत्र अवजड होते, आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. त्या कार्यासाठी १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने छातीवर पट्टा बांधून ठोके मोजणारे बिनतारी साधन खेळाडूंसाठी बाजारात आणले. आज तेच काम मनगटावरील लहानशी काच करते.

पण माझ्या मनात या साऱ्यांच्या आधी एक वेगळेच चित्र येते. आमच्या आजोळी, रेवदंड्यास, कोणी आजारी पडले की वैद्यबुवा येत. ओटीवर बसून ते आजीच्या मनगटावर तीन बोटे ठेवीत, डोळे मिटीत आणि नाडी पाहता पाहता विचारीत, “काल काय खाल्ले? झोप लागली का? मन कशात अडकले आहे?” हे तीन प्रश्न कृपया ध्यानात ठेवावेत. मी त्यांच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता घड्याळाची रीत पाहू. रात्री अंधारात ते काढले तर त्याच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त किंचित अधिक येते आणि प्रकाश अधिक शोषला जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो कमी शोषला जातो. परत येणाऱ्या प्रकाशातील हा चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा अंदाज बांधते. म्हणजे ते हृदयाकडे पाहत नाही. हृदयाने ढकललेले रक्त मनगटाशी पोहोचले की त्याची सावली पाहते.

सावली हलते, हे तर आपण जाणतोच. घड्याळ सैल असेल, हात गारठला असेल किंवा मनगट सारखे हलत असेल, तर आकडा चुकतो. मी स्वयंपाकघरात कणीक मळत असताना माझ्या घड्याळाने एकदा १४० ठोके दाखविले. मी हात धुऊन, खुर्चीत बसून, बोटांनी नाडी मोजली. ती ७८ होती. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतेल असे बांधावे आणि स्वस्थ बसलेल्या वेळचा आकडाच महत्त्वाचा मानावा.

प्रौढ माणसाच्या विश्रांतीच्या वेळी मिनिटास ६० ते १०० ठोके सामान्य समजले जातात. नियमित पळणाऱ्या तरुणाचे पन्नासच्या आतही असू शकतात. आपल्यापैकी पुष्कळ जण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेतात. त्यांचे ठोके गोळीमुळे कमी दिसतात. ताप आला, पाणी कमी पडले, रात्री मद्य घेतले किंवा चिंता वाढली, तर ठोके वाढतात. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये. दोन आठवडे आपल्याच नोंदी पाहाव्या. आपली नेहमीची पातळी कोणती हे समजले, म्हणजे तिच्यापासून झालेला मोठा आणि टिकून राहिलेला फरक डॉक्टरांना सांगण्याजोगा असतो.

येथे मला २०२५ च्या जून महिन्यातील ते बारा दिवस आठवतात. आपण सर्वांनीच ते काढले आहेत. रात्री भोंगा वाजे, आपण उठून ममादमध्ये जात असू, परत येऊन पडत असू, आणि पुन्हा भोंगा वाजे. सकाळी माझे घड्याळ मला सांगे, “आपली झोप असमाधानकारक होती. आज रात्री लवकर झोपण्याचा प्रयत्न करा.” त्या आलेखातील रात्री तीनचा तो उंच सुळका पाहून मला आधी हसू आले आणि मग रडू आले. आकडा खरा होता. माझे हृदय खरोखरच ११५ वेळा धडधडले होते. परंतु का धडधडले, हे त्या बिचाऱ्या काचेला ठाऊक नव्हते. वैद्यबुवांचा तिसरा प्रश्न, “मन कशात अडकले आहे?”, तिला विचारताच येत नाही.

झोपेविषयी थोडे अधिक सांगते, कारण या वयात सर्वांची तक्रार तीच असते. झोपेत डोळे वेगाने हलण्याची अवस्था असते, हे शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली जगापुढे मांडले. आपण रात्रभर हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अशा फेऱ्यांतून जातो. एक फेरी सुमारे दीड तासाची असते. या अवस्था खात्रीने ओळखायच्या, तर झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवाव्या लागतात. घड्याळ डोक्यावर बसत नाही, मनगटावर बसते. हाताची हालचाल आणि ठोक्यांतील फरक यांवरून ते अंदाज करते. आपण किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो, हे ते बऱ्यापैकी सांगते. ‘गाढ झोप ४२ मिनिटे’ हे मात्र अंदाजाचे बोल आहेत. आपण पुस्तक वाचत निश्चल पडून राहिलो, तर त्यालाही ते कधी कधी झोप समजते.

निवृत्तीनंतर मी स्वतः या गुणांच्या नादी लागले होते. सकाळी डोळे उघडताच मी घड्याळ पाही. मन प्रसन्न असे. पण ‘५८ गुण’ दिसले की अंग जड वाटू लागे. रात्री अधिक गुण मिळावेत म्हणून मी नऊ वाजताच अंथरुणावर पडे आणि अकरापर्यंत तळमळत राही. अशा रुग्णांविषयी अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली लेख लिहून या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले. बिनचूक झोपेच्या ध्यासाने झोपच उडते, असा त्याचा अर्थ. मी उपाय केला तो साधा. सकाळी आधी चहा घ्यायचा, स्वतःला विचारायचे, “झोप लागली का?”, आणि मगच घड्याळ पाहायचे. वैद्यबुवांचा दुसरा प्रश्न मी स्वतःलाच विचारू लागले.

असे असले तरी झोपेच्या नोंदी निरुपयोगी आहेत, असे कोणी समजू नये. कोणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, सकाळी डोके दुखत असेल, दुपारी बसल्या जागी डोळा लागत असेल आणि घड्याळही श्वासात वारंवार खंड दाखवीत असेल, तर कुपत होलिमच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी मागावी. प्राणवायूच्या आकड्याबाबत मात्र एक सावधगिरी सांगते. गडद त्वचेवर बोटाला लावायचे प्राणवायू-मापकही कधी कधी खऱ्याहून चांगला आकडा दाखविते, असे २०२० साली अमेरिकेत रुग्णांच्या नोंदींवरून दिसून आले. आपण कोकणच्या उन्हातून आलेली माणसे आहोत. आकडा चांगला दिसला तरी धाप लागत असेल, तर धाप खरी मानावी.

आता या घड्याळाचे खरे उपकार सांगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरू लागतात, त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तो पुष्कळदा काहीही जाणवू न देता येतो आणि जातो. कप्प्यात रक्त साचते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात दिसले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ४,१९,२९७ लोकांच्या मनगटांवरील घड्याळांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरांत अर्ध्या माणसालाच, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना, अनियमित नाडीची सूचना मिळाली; ६५ वर्षांवरील लोकांत मात्र सुमारे ३ टक्क्यांना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ई.सी.जी.ची पट्टी लावून नोंद पाठविली, त्यांतील ३४ टक्क्यांत हा विकार त्या दिवसांत आढळला. याचा अर्थ असा की सूचना आली म्हणून घाबरू नये, आणि सूचना आली तर ती दुर्लक्षूही नये. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांना एका आठवड्यात तीन वेळा अशी सूचना आली. ते डॉक्टरांकडे गेले, होल्टरची तपासणी झाली, विकार सापडला आणि आता ते रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. घड्याळाने त्यांचे भले केले, हे मी मोकळ्या मनाने सांगते.

आणि आता माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी दादांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मीच त्यांना असे घड्याळ दिले. ई.सी.जी. काढणारे, चांगल्यापैकी. कसे वापरायचे हेही मीच शिकविले. त्याच हिवाळ्यात एका रात्री सव्वादोन वाजता वहिनींचा फोन आला. दादांना पोटाच्या वर जड वाटत होते, जबडा दुखत होता आणि घाम आला होता. दादांना पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. एकतीस वर्षे मी अशाच माणसांना खाटेवर घेतले होते. माझ्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघावे? मी विचारले, “वहिनी, घड्याळ काय म्हणते?”

दादांनी घड्याळावर बोट ठेवले, तीस सेकंद थांबले. घड्याळ म्हणाले, लय नियमित आहे, एट्रियल फिब्रिलेशनची चिन्हे नाहीत. ठोके ७२. मी म्हणाले, “बरे आहे. पित्त असेल. गार दूध द्या आणि सकाळी मला फोन करा.” सकाळी साडेसहाला वहिनींनी फोन केला, तो रुग्णवाहिकेतून.

हृदयाच्या खालच्या भिंतीस रक्त पुरविणारी धमनी बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली, स्टेंट घातला, परमेश्वराच्या कृपेने दादा वाचले. पण चार तासांत स्नायूंचा जो भाग मेला, तो परत आला नाही. पूर्वी दादा या सिनेगॉगचा जिना चढताना तरुणांना मागे टाकीत. आज ते खाली थांबून, कठड्याला धरून, दोनदा विसावा घेऊन वर आले. आपण सर्वांनी ते पाहिले आहे.

घड्याळ खोटे बोलले काय? नाही. त्याला जे विचारले होते, त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले. लय नियमित होती. हृदयविकाराचा झटका म्हणजे धमनी बंद होणे. लय तेव्हा पुष्कळदा नियमितच असते. इस्पितळातील ई.सी.जी.साठी आम्ही दहा ठिकाणी तारा लावतो आणि हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो. घड्याळ एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतची एकच बाजू पाहते. खालची भिंत त्या बाजूने नीट दिसत नाही. हे मला त्या रात्रीही ठाऊक होते. शिकाऊ मुलींना मी ते शेकडो वेळा शिकविले होते. तरीही आकडा ऐकला आणि मला धीर आला, कारण मला धीर हवा होता. भाऊ आजारी आहे हे मला ऐकायचे नव्हते. त्या लहानशा काचेने मला जे हवे होते तेच दिले, आणि मी वहिनींचा घाबरलेला आवाज ऐकला नाही.

दादांनी मला एका शब्दाने दुखविले नाही. वहिनी एवढेच म्हणाल्या, “ताई, मी तुम्हाला त्यांच्याविषयी सांगत होते, आणि तुम्ही घड्याळाविषयी विचारत होता.” हे वाक्य मी विसरू शकत नाही, विसरूही नये.

म्हणून, बंधू आणि भगिनींनो, माझी विनंती ऐका. छातीत दाब, भार किंवा जळजळ, जबडा, पाठ किंवा हात यांत वेदना, धाप, गार घाम, एकाएकी आलेला थकवा, यांपैकी काही झाले तर घड्याळ पाहू नका. मुलाला विचारू नका, माझ्यासारख्या नणंदेला तर मुळीच विचारू नका. १०१ ला, मगेन दाविद आदोमला, फोन करा. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीतील कळ कधी कधी सौम्य असते किंवा नसतेही, हे ध्यानात ठेवा. घरातील म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर हा क्रमांक आजच जतन करून द्या. फेरी फुकट गेली तर लाज वाटण्याचे कारण नाही. फुकट गेलेली फेरी ही चांगली बातमी असते.

दुसरे, घड्याळाच्या आकड्यावरून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढवू नका. डॉक्टरांकडे जाताना महिन्याभराच्या नोंदी सोबत न्या. पण आधी आपल्याला काय वाटते ते सांगा, मग आकडे दाखवा.

तिसरे, आपली नाडी आपल्या बोटांनी पाहण्यास शिका. हातच्या काकणाला आरसा कशाला? चला, आताच करू. उजव्या हाताची मधली तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. अंगठ्याने पाहू नका, त्याची स्वतःची नाडी असते. हळूच दाबा. लागली? मी सांगेन तेव्हा मोजण्यास प्रारंभ करा. तीस सेकंदांनी थांबू आणि दुप्पट करू... झाले. ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे सम पडतात की मध्येच अडखळतात, हेही बोटांना कळते. ज्यांना अडखळल्यासारखे वाटले, त्यांनी घाबरू नये, मला भेटून जावे, आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

शेवटी पुष्कळांनी विचारलेला प्रश्न. शब्बाथला हे घड्याळ घालावे काय? धर्मनियमाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. ते रब्बींना विचारावे. ज्यांना डॉक्टरांनी सतत नोंद ठेवण्यास सांगितले आहे, त्यांनी ते परस्पर काढू नये, दोघांशीही बोलावे. जीव वाचविणे शब्बाथहून मोठे, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा १०१ ला फोन करण्यास कोणताही वार आड येत नाही. माझ्यापुरते सांगते. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी मी घड्याळ काढून कपाटात ठेवते. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. माझाही मोजण्याचा घाणा त्या दिवशी बंद असतो. त्या रात्री मी किती झोपले, हे मला कोणी सांगत नाही. शनिवारी दुपारी मी दादांकडे जाते, त्यांच्या मनगटावर तीन बोटे ठेवते आणि विचारते, “दादा, काल काय खाल्ले? झोप लागली का? मन कशात अडकले आहे?”

दादा म्हणतात, “आधी चहा दे, मग सांगतो.”